नावाची पाटी नसलेली बॅग: विणलेल्या चामड्यात एवढं काय आहे, आणि ते किती टिकतं?

प्रश्न असा आहे: बोत्तेगा व्हेनेताची विणलेल्या चामड्याची बॅग लाखांत जाते. तिच्यावर बाहेरून नाव नाही, मोठं बक्कल नाही, मग लोक तिच्यात पाहतात तरी काय? आणि एवढे पैसे घातल्यावर ती आपल्या हवेत टिकते का?

दोन्ही उत्तरं विणीतच आहेत. या बॅगेत वीण ही वरून चढवलेली सजावट नसते, बॅगेचा सांगाडाच विणीचा असतो. तिचा मऊपणा, तिचं ओघळून बसणं, तिची दुरून पटणारी ओळख हे सगळं त्यातून येतं. तिची दुखणीही तिथूनच येतात, म्हणून आधी वीण नीट समजून घेऊ.

कंपनी 1966 मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात, विचेन्झा शहरात सुरू झाली. मिकेले ताद्देई आणि रेन्झो झेंज्यारो हे तिचे संस्थापक. विचेन्झा जिल्ह्यातच आर्झिन्यानोचा परिसर आहे, चामडं कमावण्याचं इटलीतलं एक मोठं केंद्र. म्हणजे कातड्याची ददात नव्हती, अडचण शिलाईची होती. त्या भागातली शिलाई यंत्रं प्रामुख्याने कपड्यांसाठीची होती आणि जाड चामडं त्यांच्या सुईखाली नीट जात नसे, असं कारण नेहमी दिलं जातं. मग हाताशी उरलं पातळ, मऊ, कोकराचं कातडं. ते शिवायला सोपं, पण पिशवीचं ओझं पेललं की ताणतं, आणि एकदा चिरलं की चीर पुढे पळते. त्यावर तोडगा म्हणजे पातळ कातड्याच्या पट्ट्या करून त्या एकमेकींत गुंफायच्या. हीच वीण 1975 पासून 'इंत्रेच्चातो' या नावाने कंपनीची ओळख झाली. चामडं विणणं हा काही त्यांचा शोध नव्हे. कोल्हापुरी चपलेवरची वेणी घालणाऱ्यांना ते कोणी शिकवायला नको. मात्र कोल्हापुरीत पातळ पट्टीची वेणी जाड चामड्यावर शोभेसाठी बसते, आणि इथे अख्खी वस्तूच पातळ पट्ट्यांवर उभी राहते.

गुंफल्याने नेमकं काय साधतं? एक म्हणजे चीर पसरत नाही. अखंड कातड्याला कात्री लागली की फाट पुढे सरकत जाते, विणीत ती त्या एका पट्टीच्या कडेला येऊन थांबते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. चामड्याची जाडी दुप्पट केली की ते वाकवायला साधारण आठपट जोर लागतो. पण 0.6 मिमीचे दोन थर न चिकटवता एकमेकांवर ठेवले आणि त्यांना सरकायला जागा राहिली, तर तो जोर दुप्पटच लागतो. विणीत प्रत्येक चौकटीत, म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात त्या चौकोनात, दोन थर असतात आणि ते सरकू शकतात. म्हणून 1.2 मिमीच्या अखंड चामड्याइतकं अंग भरूनही बॅग हातात घेतली की पातळ कातड्यासारखी लवते. दुकानात पहिल्यांदा हात लावणारे 'किती मऊ आहे' म्हणतात तेव्हा निम्मं श्रेय कातड्याचं असतं आणि निम्मं या सरकण्याचं. विणीची नक्कल म्हणून ठसा मारलेल्या किंवा पट्ट्या सरसकट चिकटवलेल्या बॅगा दिसायला कितीही जवळ गेल्या तरी हातात घेतल्यावर पुठ्ठ्यासारख्या लागतात, त्याचंही कारण हेच.

विणीचा तिरकेपणाही मुद्दाम ठेवलेला आहे. पट्ट्या बॅगेच्या कडेला 45 अंशांत जातात. सरळ उभी-आडवी वीण घेतली तर हँडलपासून तळापर्यंतचा भार फक्त उभ्या पट्ट्यांवर येतो, आडव्या नुसत्या बघत बसतात. तिरक्या विणीत दोन्ही दिशांच्या पट्ट्या भार वाटून घेतात. सुंभाच्या बाजेवर बसलं की मध्ये झोळ येतो पण एकही दोर एकट्याने ताण घेत नाही, तसंच हे. शिवाय तिरकं विणलेलं अंग तिरकस कापलेल्या कापडासारखं ओघळतं, म्हणून खांद्यावर घेतलेली बॅग शरीराला धरून बसते. त्याची किंमतही मोजावी लागते. भार वाढला की चौकटींचे चौकोन लांबट होतात, बॅग लांबीला वाढते आणि रुंदीला आकसते. जुन्या 'व्हेनेता' पद्धतीच्या अर्धचंद्राकृती बॅगा वर्षानुवर्षं वजन वाहून खाली लोंबलेल्या दिसतात, त्याचं मूळ यातच आहे. तो कातड्याचा किंवा शिलाईचा दोष नसतो.

आता थोडा हिशोब, कारण किंमत पाहून डोळे विस्फारण्याआधी कामाचं माप माहीत असावं. 35 बाय 30 सेमीची एक बाजू धरा. 10 मिमीच्या पट्ट्यांनी ती तिरकी विणायची तर एका दिशेला साधारण 46 पट्ट्या लागतात, दोन्ही मिळून 92. सर्वांत लांब पट्टी सुमारे साडेबेचाळीस सेमी भरते, दोन्ही टोकांना दुमडायला 2-2 सेमी सोडले की 47 सेमी. चौकटी भरतात 1050. तीच बाजू 6 मिमीच्या पट्ट्यांनी विणली तर चौकटी 2900 च्या पुढे जातात, म्हणजे काम जवळजवळ तिप्पट. बारीक विणीची बॅग महाग का आणि रुंद पट्ट्यांची बॅग तेवढ्याच किमतीला मिळाली तर तुम्ही कशाचे पैसे देताय, हे यावरून ताडता येतं.

कातड्याचंही तसंच. दोन बाजू, तळ आणि कडा मिळून 3000 चौरस सेमी, म्हणजे सव्वातीन चौरस फूट अंग झाकायचं असेल तर साध्या बॅगेला वाया जाणारं धरून चारेक फूट चामडं पुरतं. विणीला मुळातच दुप्पट लागतं. वर लांब पट्टीत एकही डाग, किड्याचा व्रण किंवा शिरेची खूण चालत नाही, त्यामुळे तिसरा हिस्सा सहज बाजूला पडतो. नऊ-दहा फूट धरा. कोकराचं एक कातडं पाच-सहा फुटांचं, म्हणजे एका बॅगेला दोन कातडी. आतून-बाहेरून दोन्हीकडे चांगली बाजू दिसणारी पट्टी हवी असेल तर दोन कातडी पाठीला पाठ लावून चिकटवावी लागतात आणि हा आकडा पुन्हा दुप्पट होतो.

दोन्ही बाजूंनी चांगल्या पट्टीची बॅग म्हणजे 'काबात'. 2001 मध्ये गुच्ची समूहाने कंपनी घेतली आणि टोमास मायर सर्जनशील प्रमुख म्हणून आले, त्यांच्या सुरुवातीच्या कामातली ही बॅग. तिला अस्तर नाही आणि बाजूंना शिवणही नाही. पट्ट्या साच्याभोवती फिरवत तळापासून वर विणत नेतात. दोन कारागिरांना एका बॅगेला साधारण दोन दिवस लागतात. उघडून आत पाहिलं तरी तीच वीण, तीच सफाई. माझ्या मते या कंपनीचं खरं काम पाहायचं तर हीच बॅग पाहावी. वापरायला मात्र ती अवघड आहे. तोंड उघडं, आत कप्पे नाहीत, लोकलच्या गर्दीत नेण्याची ही वस्तू नव्हे.

बाकीच्या बहुतेक बॅगांत वेगळी पद्धत चालते. पायाच्या, म्हणजे खालच्या आधाराच्या, अखंड कातड्याला ओळीने चिरा पाडून त्यांतून पट्ट्या ओवतात. म्हणजे विणीतली एक दिशा पायाच्या कातड्याची आणि दुसरी ओवलेल्या पट्टीची. यात आकार पक्का राहतो आणि बॅग कमी लोंबते. हाताने करून पाहायचं असेल तर 20 बाय 20 सेमीचा नमुना पुरे. पायाला 0.8 मिमीचं नापा (मऊ, गुळगुळीत कमावलेलं कातडं) घ्या, मागे पातळ कापड चिकटवा. चिरा 9.5 मिमी लांब, एका ओळीतल्या दोन चिरांमध्ये 1.5 मिमीचा न चिरलेला पूल, दोन ओळींत 11 मिमी अंतर. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना 1 मिमीचं गोल भोक पाडा, नाहीतर ओवतानाच चीर फाटत पुलापर्यंत जाईल आणि नमुना संपला. पट्टी 11 मिमी रुंद, 0.5 ते 0.6 मिमी जाड. चिरेपेक्षा पट्टी किंचित रुंद ठेवायची म्हणजे ती चिरेतून बाहेर येताना जरा फुगते आणि चौकटीला गुबगुबीत गोलाई येते. अस्सल विणीचा उठाव दिसतो तो या फुगवट्यामुळे. पट्टी नेमकी चिरेएवढी कापली तर वीण सपाट, चटईसारखी दिसते.

पट्ट्या कापताना रापी नको, लांब धातूची पट्टी आणि फिरतं पातं घ्या. रापीच्या ओढीने पातळ नापा ताणतं आणि पट्टीची रुंदी मध्ये कमी भरते. सगळ्या पट्ट्या कण्याला समांतर कापायच्या. पोटाकडचं कातडं सैल असतं, तिथली पट्टी ओवताना लांबते आणि महिन्याभराने तेवढा भाग ढिला पडतो. ओवताना ओढून घट्ट करण्याचा मोह टाळा. ताणलेलं नापा हळूहळू पुन्हा आकसतं आणि मग अख्खा तुकडा चुणीदार होतो. पट्टी आधी सैल ओवून घ्यायची, पाच-सहा ओळी झाल्या की बोथट हाडी पट्टीने (हाडाच्या चपट्या हत्याराने) मधून कडेकडे सरकवत समान करायची, आणि तुकडा सपाट दाबाखाली रात्रभर ठेवून मगच कडेची शिलाई मारायची.

कातडं निवडताना रंग आरपार आहे का हे आधी पाहा. नापा बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं आणि क्रोमचं कातडं रंगवण्यापूर्वी निळसर-करडं असतं. रंग वरवर बसला असेल तर पट्टीच्या प्रत्येक कडेला ती करडी रेघ दिसते. अखंड बॅगेत कडा दुमडून लपवता येते. विणीत शेकडो उघड्या कडा असतात, त्या कुठे लपवणार? पिंपात फिरवून आरपार रंगवलेलं चामडं इथे लागतंच. जुन्या बॅगेचा रंग उडाल्यावर ती विटकी तरी शोभते की पांढऱ्या-करड्या ठिपक्यांनी भरते, हेही यावरच ठरतं.

एवढं काम उघड्यावर मांडल्यावर नावाची गरज उरत नाही, आणि कंपनीने हे फार आधी ओळखलं. 1970 च्या दशकातल्या तिच्या जाहिरातीचा आशय असा होता की तुमची स्वतःची आद्याक्षरं पुरेशी आहेत. 1980 च्या एका अमेरिकन चित्रपटात अभिनेत्री लॉरेन हटनच्या हातात या विणीचा बटवा दिसला आणि तो इतका लक्षात राहिला की कंपनीच्या पन्नाशीला, 2016 च्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये, हटन स्वतः तशीच बॅग घेऊन चालल्या. मधल्या काळात कंपनीची वाट चुकली होती, नव्वदच्या दशकाच्या शेवटी नावाची अक्षरं मिरवणाऱ्या वस्तूही आल्या. मायरनी त्या काढून टाकल्या आणि सगळी भिस्त पुन्हा विणीवर टाकली.

विणीने नावाचं काम करावं, याला कायद्याचीही मान्यता आहे. अमेरिकेत या विणीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी आधी नाकारली गेली होती. नुसती सुंदर दिसणारी नक्षी एकाच कंपनीच्या नावावर कशी करायची, असा आक्षेप होता. 2013 मध्ये तिथल्या अपील मंडळाने तो निर्णय फिरवला, पण वर्णन काटेकोर बांधून: 8 ते 12 मिमी रुंदीच्या सारख्या, सडपातळ चामडी पट्ट्या, एकाआड-एक गुंफलेल्या, 45 अंशांत तिरक्या आणि वस्तूच्या सर्व किंवा बहुतेक अंगावर. या वर्णनाबाहेरची चामड्याची वीण त्या नोंदणीत येत नाही. छोट्या कारागिरांनी ही ओळ लक्षात ठेवलेली बरी. पट्टी 20 मिमी घेतली, वीण सरळ ठेवली किंवा नुसत्या झाकणावर वीण घेतली की दिसणंही वेगळं होतं आणि अमेरिकेत माल पाठवताना डोक्याचा ताप कमी होतो.

आता कोणती बॅग, हा प्रश्न. 2018 मध्ये सर्जनशील प्रमुख म्हणून डॅनियल ली आले आणि त्यांनी वीण फुगवली: 'कॅसेट' मध्ये पट्टी रुंद आणि आतून भरलेली, मोजक्याच चौकटींत बॅग संपते. फोटोत ती लगेच ओळखू येते, म्हणून गाजली. पण वरच्या हिशोबाने पाहिलं तर विणीचं काम यात सर्वांत कमी. चौकटींच्या फटींत धूळ बसते आणि भरलेली पट्टी जिथे वळते तिथे कायमची घडी पडते. हँडलला गाठ असलेली 'जोडी' हातात छान बसते, मात्र हँडल आखूड असल्याने लहान आकारात ती खांद्यावर जात नाही. त्यांच्यानंतरच्या मातिये ब्लाझींच्या काळात पुन्हा कारागिरीकडे ओढा दिसतो. 'कालिमेरो' बादलीच्या आकाराची, शिवणीशिवाय विणलेली, पट्टाही अंगातूनच निघालेला. 'आंदियामो' ला धातूची गाठ आणि सरकता पट्टा आहे, रोजच्या वापराला यातली तीच सर्वांत सोयीची. 2025 पासून लुईज ट्रॉटर काम पाहतात. एकच बॅग घ्यायची आणि पंधरा वर्षं वापरायची असेल तर बारीक किंवा मध्यम वीण, गडद रंग आणि अस्तर असलेली घ्यावी. हंगामी रंग तीन-चार वर्षांत तारीख सांगायला लागतो.

वापरलेली बॅग घेणाऱ्यांनी तर वीण वाचायला शिकावंच. बॅग उजेडात धरा आणि एकच तिरकी पट्टी नजरेने पुढच्या बाजूवरून कडेकडे न्या. चांगल्या कामात ती कडेला वळून मागच्या बाजूला सलग जाते, आणि शिवण असेलच तर दोन्हीकडच्या चौकटी एकमेकींना जुळतात. नकलेत शिवणीपाशी अर्ध्या-मुर्ध्या चौकटी तोंडाला तोंड लावून बसवलेल्या असतात. मग चौकटीची कड नखाने हलकेच उचलून पाहा. पट्टी थोडी हलली पाहिजे आणि खाली गोंदाचा चकचकीत थर दिसता कामा नये. कोपऱ्यात वीण दाटत असेल तर पट्ट्या एकमेकींवर चढल्या आहेत का पाहा. तळाच्या चार कोपऱ्यांत फुगवटा सारखा हवा. त्यानंतर आतलं अस्तर, झिपची धाव, हँडलच्या मुळाशी असलेली शिलाई. हे सगळं ठीक निघालं तरी अस्सलपणाची हमी फक्त विणीवरून देता येत नाही, हल्लीच्या चांगल्या नकला विणीत कमी पडत नाहीत. बिल आणि कंपनीचं प्रमाणपत्र मागा. नोव्हेंबर 2022 पासून कंपनी काही बॅगांसोबत असं प्रमाणपत्र देते आणि त्यावर आयुष्यभर डागडुजी करून देण्याचं आश्वासन आहे. विकत घेण्यापूर्वी तुमची बॅग त्यात बसते का, हे दुकानातच विचारून घ्या. 'पुढे भाव वाढेल' म्हणून घेऊ नका. नापा पाच वर्षांच्या वापरात वय दाखवतंच आणि विकताना त्याचे पैसे कापले जातात.

आता टिकण्याचं. कोकराचं नापा नाजूक आहे, हे विकणारे हळू आवाजात सांगतात. पहिला झिजतो तो तळाचा कोपरा, कारण तिथे चौकट उंचावलेली असते आणि टेबलाला, कमरेला तीच घासते. त्यानंतर हँडलची आतली बाजू, हाताच्या घामाने काळवंडते. मग झाकणाच्या घडीवरच्या पट्ट्या. अखंड चामड्यावर झीज सगळीकडे सारखी पसरते, विणीत फक्त चौकटीचा माथा झिजतो आणि खोलगट भाग नवा राहतो, म्हणून जुनी बॅग ठिपकेदार दिसते. फिकट बॅग नव्या जीन्सवर घासली की निळा रंग नेमका त्या माथ्यावर चढतो. तो एका दिवसात ओल्या फडक्याने निघू शकतो, महिनाभर राहिला की निघत नाही.

हात निर्जंतुक करायचं द्रव आणि अत्तर हे सर्वांत मोठे शत्रू. त्यातलं अल्कोहोल वरचा रंगथर विरघळवतं आणि पडलेला ठिपका कायमचा राहतो. हात पूर्ण वाळल्याशिवाय हँडल धरू नका. पाऊस पडला तर चोळू नका, सुती कापडाने टिपून घ्या, बॅग आतून पांढऱ्या कागदाने भरा आणि पंख्याखाली सावलीत सुकवा. वर्तमानपत्र भरू नका, शाई अस्तराला लागते. हेअर ड्रायर किंवा ऊन लावलं की पट्ट्या असमान आकसतात आणि एकदा चुणी आली की ती काढणं जवळपास अशक्य असतं. वजनाची मर्यादा मी मऊ अर्धचंद्राकृती बॅगेला दीड-दोन किलो धरेन. लॅपटॉप त्यात घालायचा नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा बुरशीची. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती याच्या कितीतरी वर असते. विणीत हे जास्त त्रासदायक, कारण बुरशी पट्टीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला आधी बसते. वरून पांढरी झाक दिसेपर्यंत आत पसरलेली असते. बॅगेसोबत आलेली कापडी पिशवी किंवा जुन्या मलमलची पिशवी चालेल, प्लॅस्टिक अजिबात नको. कपाटाच्या एका कप्प्याला रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या 50 ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या पुरतात. रंग बदलला की दाणे पसरून ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दीड-दोन तास सुकवून पुन्हा वापरा. एखादा साधा आर्द्रतामापक कप्प्यात ठेवा, आकडा 45 ते 60 मध्ये राहिला की झालं. फार कोरडं केलं तर पट्टीच्या कडा कडक होतात. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, चामडं तो वास धरून ठेवतं. आठवड्यातून एकदा बॅग बाहेर काढून तासभर वाऱ्यावर ठेवणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. बॅग टांगून ठेवू नका, भरून, तळावर उभी ठेवा.

बुरशी धरलीच तर घरात झटकू नका. गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन मऊ, कोरड्या ब्रशने विणीच्या दोन्ही दिशांनी झाडा, मग किंचित ओलसर कापडाने टिपा, दोन दिवस वाऱ्यावर सुकवा. स्पिरिट फक्त अस्तराला, तेही आधी कोपऱ्यात लावून पाहून. वर्षातून दोनदा पाण्यात मिसळणारं चामड्याचं क्रीम वाटाण्याएवढं कापडावर घेऊन पातळ पुसा. बॅगेवर थेट लावलं तर ते फटींत साचतं आणि वाळल्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. बुटाचं मेणाचं पॉलिशही तसंच. खोबरेल आणि इतर तेलं चपलेच्या जाड, वनस्पतीने कमावलेल्या चामड्याला मानवतात, नापावर तेल पडलं की काळा डाग बसतो. हा फरक न सांगता बॅग कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे दिली आणि त्यांनी आपल्या सवयीने तेलपाणी केलं, तर दोष त्यांचा नाही.

पट्टी वर आली असेल आणि तुटली नसेल तर बोथट हाडी पट्टीने शेजारच्या चौकटीखाली सरकवा, बस. झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो काचेसारखा कडक होतो, पट्टीचं सरकणं थांबतं आणि वाकेल तिथे ती नव्याने तुटते. पट्टी तुटलीच असेल तर ती बदलता येते. जुन्या पट्टीचं टोक आणि नव्या पट्टीचं टोक दोन्ही तासून 0.2-0.3 मिमीवर आणायची, 8 मिमीच्या जोडाने चिकटवायची आणि जुनी ओढत नवी आत घ्यायची. जोड 8 मिमीचाच का, तर 10 मिमीच्या चौकटीखाली तो पूर्ण लपतो. कडेपर्यंत जायचं असेल तर तिथली शिलाई 3-4 सेमी उसवावी लागते. झिजलेल्या कोपऱ्याला रंगाचे तीन-चार पातळ हात स्पंजने टिपत द्यायचे, प्रत्येक हातानंतर 15-20 मिनिटं थांबायचं आणि शेवटी मॅट लेप. एकाच जाड हातात उरकलं तर रंग फटींत साचून वीण बुजते आणि पहिल्याच वाकण्यात तडकते.

दुरुस्तीला देताना कारागिराला दोन गोष्टी विचारा: पट्टी ओवून बदलणार की वरून तुकडा चिकटवणार, आणि रंग फवारणार की टिपणार. चिकटवणार आणि फवारणार असं उत्तर आलं तर बॅग परत घ्या. फवाऱ्याने रंग चौकटींच्या माथ्यावर आणि फटींत सारखाच बसतो, सावली नाहीशी होते, आणि खरी विणलेली बॅग ठसा मारलेल्या बॅगेसारखी दिसायला लागते. कंपनीच्या प्रमाणपत्रात बसणारी बॅग असेल तर बाहेर हात लावू देण्याआधी कंपनीकडेच विचारा. बाहेरचं काम झालेली बॅग ते पुढे दुरुस्तीला घेतील की नाही, हे आधीच स्पष्ट करून घेतलेलं बरं.